एक लिटर प्या, पावणेदोन लिटर गमवा

जुलै 2025 मध्ये तांबड्या समुद्रात ‘इटर्निटी सी’ हे मालवाहू जहाज हल्ल्यात बुडालं. त्यातले काही खलाशी चोवीस तासांहून जास्त वेळ जाकिटाच्या आधारानं तरंगत राहिले आणि वाचले. अशी बातमी आली की तिच्या मागोमाग एक सल्ला फिरू लागतो: गोडं पाणी कमी पडत असेल तर त्यात थोडं समुद्राचं मिसळावं, म्हणजे ते पुरवठ्याला येतं. दुसरीकडे शाळेपासून आपण ऐकत आलोय की समुद्र मूत्रपिंडाला झेपेल त्यापेक्षा खारट असतो, म्हणून ते पाणी प्यायलं की माणूस मरतो. पहिला सल्ला घातक आहे. दुसरं उत्तर बरोबर असूनही त्याचं कारण जरा चुकलंय, आणि खरं कारण त्याहून कितीतरी सुंदर आहे.

आधी माणसांबद्दल. खडकीच्या युद्ध दफनभूमीत दुसऱ्या महायुद्धातल्या 1,600 हून अधिक सैनिकांच्या कबरी आहेत, पुणेकरांना त्या ठाऊक असतात. त्याच युद्धात व्यापारी जहाजांवर मेलेल्या हिंदी खलाशांना मात्र दगड नाही. जवळजवळ सहा हजार नावं फक्त स्मृतिग्रंथात आहेत, तो मुंबईत मस्जिद बंदरच्या खलाशी गृहात ठेवलेला असतो. मुंबईहून भरती होणाऱ्या ताफ्यात डेकवर रत्नागिरीकडचे कोकणी मुसलमान पुष्कळ असत, त्यांच्यावर सारंग आणि तांडेल हे मुकादम. बॉयलरपाशी पंजाबी-पठाण आगवाले, भटारखान्यात गोवेकर. टॉर्पेडो बहुधा पाण्याखाली, इंजिनघराच्या आसपास लागे, त्यामुळे आगवाल्यांना वर यायला वेळच मिळत नसे. मेलेल्यांपैकी बहुसंख्य माणसं बचाव-नावेत पोचण्याआधीच गेली. उत्तर अटलांटिकमध्ये तर तहान लागण्याइतका वेळही थंडी देत नाही. पाणी हवेच्या साधारण पंचवीसपट वेगानं उष्णता ओढून नेतं. पहिल्या मिनिटाला श्वास अनावर होतो, दहा-पंधरा मिनिटांत हात चालेनासे होतात, तासाभरात शुद्ध हरपू लागते. तांबड्या समुद्रातले खलाशी टिकले, त्यात जुलैच्या कोमट पाण्याचा वाटा मोठा होता.

नावेत पोचलेल्यांचं काय झालं, याचा हिशेब ब्रिटनच्या वैद्यकीय संशोधन मंडळासाठी मॅकान्स, विडोसन आणि सहकाऱ्यांनी मांडला. 1940 ते 1944 या काळात बुडालेल्या जहाजांवरचा त्यांचा अहवाल 1956 मध्ये आला. ज्या बचाव-नावांमध्ये समुद्राचं पाणी प्यायल्याची नोंद होती, तिथे शंभरातली साधारण 39 माणसं मेली. जिथे प्यायलं गेलं नाही, तिथे शंभरात 3. आता हा आकडा जसाच्या तसा घेऊ नये. ज्यांचं गोडं पाणी संपलं तेच खाऱ्याकडे वळले असणार, म्हणजे ते आधीच वाईट अवस्थेत होते. पण सगळा फरक एवढ्यानं भरून निघत नाही.

समुद्र म्हणजे किती खारट? नळाच्या एक लिटर पाण्यात 35 ग्रॅम मीठ घाला, चहाचे सहा सपाट चमचे भरतात. जिभेला लावून बघायला हरकत नाही, पिऊ नका. पण मूत्रपिंडाला चव कळत नाही. पाण्यात विरघळलेले कण किती, हे त्याच्या लेखी महत्त्वाचं. ते मिलिऑस्मोलमध्ये मोजतात. रक्त लिटरला सुमारे 290, समुद्र सुमारे 1,050, आणि निरोगी माणसाचं मूत्रपिंड जास्तीत जास्त घट्ट लघवी करतं ती 1,200 च्या आसपास. म्हणजे 1,200 हे 1,050 पेक्षा जास्तच की! या हिशेबानं एक लिटर समुद्र प्यायला तर त्यातलं सगळं मीठ 875 मिलिलिटर लघवीत बाहेर पडावं आणि 125 मिलिलिटर पाणी चक्क नफ्यात राहावं. शाळेतलं उत्तर इथे कोसळतं.

मग माणूस का मरतो? कारण त्या 1,200 मध्ये निम्मा वाटा युरियाचा असतो, आणि युरिया तिथे नुसता कचरा म्हणून आलेला नसतो.

मूत्रपिंडाच्या आतल्या गाभ्यात केसाच्या पिनेसारख्या वळलेल्या बारीक नळ्या असतात, त्यांना हेन्लेचा पाश म्हणतात. पाशाची वर चढणारी जाड बाजू मीठ बाहेर फेकते, पण पाण्याला बाहेर जाऊ देत नाही. बाहेर पडलेल्या मिठामुळे शेजारच्या उतरत्या बाजूतलं पाणी ओढलं जातं, आतला द्रव घट्ट होतो, तोच वळसा घेऊन चढत्या बाजूला येतो आणि पंपाला आता आधीपेक्षा घट्ट माल मिळतो. एका पातळीवर फरक पडतो जेमतेम 200 चा. पण उलटसुलट प्रवाहामुळे तो पातळीगणिक साठत जातो आणि वर 300 असलेली घनता गाभ्याच्या टोकाला 1,200 पर्यंत चढते. मात्र अगदी खोल भागात पाशाची चढती बाजू पातळ होते आणि तिथे मिठाचा पंपच नाही. तिथली उरलेली घनता युरिया पुरवतो. तहानलेल्या शरीरात व्हॅसोप्रेसिन हे संप्रेरक वाढतं, ते लघवीच्या शेवटच्या नळीत, म्हणजे संग्राहक नलिकेत, पाण्याची आणि युरियाची दारं उघडतं. युरिया बाहेर झिरपतो, गाभ्यात साठतो, पुन्हा पाशात शिरतो आणि असा फिरत राहतो.

आता मर्म. संग्राहक नलिकेच्या आत जेवढा युरिया, साधारण तेवढाच बाहेरच्या गाभ्यात. दोन्ही बाजूंनी सारखा, म्हणून तो पाणी ओढत नाही. नलिकेतल्या मिठाशी झुंजायला बाहेर उरतं फक्त मीठ, आणि ते असतं सुमारे 600. म्हणजे लघवीत मीठ जास्तीत जास्त 600 च्या घनतेनं जाऊ शकतं. एसटीतल्या निम्म्या जागा आधीच आरक्षित असाव्यात तसं. सोडियमच्या भाषेत सांगायचं तर समुद्रात लिटरला 470 मिलिमोल सोडियम, लघवीत कमाल 300 च्या आसपास. हिशेब पुन्हा करा: 1,050 भागिले 600 म्हणजे पावणेदोन लिटर लघवी. एक लिटर प्यायलात, पाऊण लिटर अंगातलं गेलं. त्यात मिठाच्या लोंढ्यानं नलिकांमधला प्रवाह वाढतो आणि गाभ्यात रचलेला तो चढ धुऊन निघतो, म्हणून पुढेपुढे 600 सुद्धा गाठता येत नाही.

मिसळून पुरवण्याच्या सल्ल्याचं पितळ इथेच उघडं पडतं. अर्धा लिटर गोड्या पाण्यात पाव लिटर समुद्राचं घातलं, तर त्या पावभागाच्या मिठासाठी सुमारे 440 मिलिलिटर लघवी लागते. 250 आले, 440 गेले. हातातल्या अर्ध्या लिटरातूनच 190 मिलिलिटर गमावले.

शिवाय समुद्रात मॅग्नेशियम आणि सल्फेट असतं, आतडं ते नीट शोषत नाही, मग जुलाब होतात. ‘नैसर्गिक मिठाचं पाणी शरीर शुद्ध करतं’ म्हणून गुलाबी मिठाची पाकिटं विकणाऱ्यांनी हा परिच्छेद वाचावा. शंखप्रक्षालन या योगक्रियेत पोट साफ होतं ते असंच: रक्ताइतकं खारट कोमट पाणी भराभर प्यायलं की ते शोषलं न जाता खाली निघून जातं. यात विषारी द्रव्यं बाहेर पडतात याला काडीचा पुरावा नाही, आणि मूत्रपिंड किंवा हृदयाचा त्रास असलेल्यानं या फंदात पडू नये. जलसंजीवनी वेगळी. तिच्यात लिटरला 2.6 ग्रॅमच मीठ आणि 13.5 ग्रॅम ग्लुकोज असतं, कारण आतड्यात ग्लुकोज सोडियमला हाताला धरून आत नेतं आणि पाणी त्यांच्या मागून जातं.

रक्तातलं सोडियम नेहमी लिटरला 135 ते 145 मिलिमोल असतं. ते 160 च्या पुढे गेलं की मेंदूच्या पेशींमधलं पाणी बाहेर ओढलं जातं आणि त्या आक्रसतात. नावेतली माणसं मग बरळू लागत, नसलेली जहाजं त्यांना दिसत, काही जण सरळ पाण्यात उड्या घेत. याला समुद्राची हाक म्हणा नाहीतर झपाटणं, आत घडतं ते एवढंच.

मग करायचं काय? ओकारी येण्याआधीच बोट लागण्याची गोळी घ्यायची, कारण एका ओकारीत दिवसाचा वाटा जाऊ शकतो. पहिले चोवीस तास धडधाकट माणसाला पाणी द्यायचं नाही. शरीर तेव्हा भरलेलं असतं, दिलेलं पाणी लघवीवाटे जातं. व्हॅसोप्रेसिन चढलं की तेच पाणी अंगात टिकतं. त्यानंतर दिवसाला साधारण अर्धा लिटर, घोटाघोटानं. दिवसा कपडे समुद्राच्या पाण्यात भिजवून घाम वाचवायचा, सूर्यास्ताआधी ते वाळायला हवेत. पाऊस आला तर ताडपत्रीवरचं पहिलं पाणी टाकून द्यायचं, त्यात वाळलेलं मीठ उतरतं. पाणी नसेल तर मासा खायचा नाही, त्याच्या प्रथिनांचा युरिया होतो आणि युरियालाही लघवी लागते. उपाशी शरीर स्वतःचे स्नायू मोडतं तेव्हाही हेच होतं. हार्वर्डच्या जेम्स गँबलनं युद्धकाळात दाखवलं की दिवसाला 100 ग्रॅम ग्लुकोज दिलं तर ही मोडतोड निम्म्यावर येते. बचाव-नावेच्या शिध्यात साखरेला मान आहे तो म्हणून.

पून लिम हा चिनी खलाशी नोव्हेंबर 1942 मध्ये ‘बेनलोमंड’ बुडाल्यावर 133 दिवस तराफ्यावर एकटा जगला. मासे त्यानं भरपूर खाल्ले, पण कॅनव्हासवर पावसाचं पाणीही धरलं. याउलट 1952 मध्ये फ्रेंच डॉक्टर अलँ बोंबार यानं 65 दिवसांत अटलांटिक ओलांडून ‘समुद्राचं पाणी थोडंथोडं पिता येतं’ असा गाजावाजा केला. त्याच्याही प्रवासात पाऊस पडला होता, हे सांगणारे कमी भेटतात.

आज नियमानुसार बचाव-नावेत माणशी तीन लिटर गोडं पाणी लागतं. त्यातल्या दोन लिटरांऐवजी हातपंपावर चालणारं आरओ यंत्र चालतं. तुमच्या ओट्यावरचा आरओ इथे कामाचा नाही. समुद्राच्या पाण्याचा परासरण दाब, म्हणजे मीठ पाण्याला आपल्याकडे ओढतं तो दाब, साधारण 27 बार असतो, पडद्यातून थेंब काढायचा तर त्याहून बराच जास्त दाब द्यावा लागतो, आणि घरगुती पंप पाच-सहा बारांवर थांबतो. तिसरा लिटर मात्र यंत्र असलं तरी नावेत भरलेलाच असावा लागतो.