जितका तेजस्वी सुपरनोव्हा, तितका मोठा तारा?

एसएन 2006जीवाय हा अतिशय तेजस्वी सुपरनोव्हा सूर्याच्या दीडशेपट वजनाच्या ताऱ्याचा स्फोट होता, असं अजूनही छापलं जातं. 2007 मध्ये ते गृहीतक होतं. त्याला धक्का दिला तो वर्णरेषांनी, म्हणजे प्रकाशाच्या वर्णपटात ठरावीक तरंगलांबीवर दिसणाऱ्या, मूलद्रव्यांची ओळख पटवणाऱ्या रेषांनी.

आधी वाचण्याची रीत. हा स्फोट जिथे झाला ती दीर्घिका एनजीसी 1260 आपल्यापासून दूर जाते, त्यामुळे हायड्रोजनची 656.3 नॅनोमीटरची रेषा सुमारे 669 वर दिसते. लाल रंगाकडचं हे सरकणं, म्हणजे ताम्रसृती, वजा केल्याशिवाय रेषा ओळखायला गेलात, तर भलतंच मूलद्रव्य हाती लागतं. मग रुंदी: 656.3 वर 2.2 नॅनोमीटरचा फरक म्हणजे वायूचा वेग सेकंदाला साधारण 1000 किलोमीटर. अरुंद रेषा म्हणजे संथ वायू, म्हणजे स्फोटाआधीच ताऱ्याभोवती साचलेलं कवच. स्फोटाचा मलबा त्यावर आदळतो आणि गतिज ऊर्जेचा प्रकाश होतो. तेज मुख्यतः या टकरीचं. ताऱ्याच्या वजनाचा पुरावा त्यात नाही.

स्फोटानंतर सुमारे 394 दिवसांनी घेतलेल्या वर्णपटात 800 नॅनोमीटरजवळच्या काही रेषा वर्षानुवर्षं कुणाला ओळखता आल्या नव्हत्या. 2020 मध्ये येर्कस्ट्रँड, माएदा आणि कावाबाता या खगोलशास्त्रज्ञांनी त्या उदासीन (एकही इलेक्ट्रॉन न गमावलेल्या) लोहाच्या असल्याचं दाखवलं. लोह सूर्याच्या वस्तुमानाच्या तिसऱ्या हिश्शाहून जास्त निघालं. इतकं लोह श्वेत बटूच्या (इंधन संपलेल्या ताऱ्याच्या उरलेल्या घट्ट गाभ्याच्या) स्फोटाशी, म्हणजे ‘वन-ए’ प्रकारच्या सुपरनोव्हाशी जुळतं. श्वेत बटू सूर्याच्या दीडपटीलाही पोहोचत नाही! हायड्रोजन मात्र त्याचा नव्हे, बहुधा जोडीदार ताऱ्याने शतकभर आधी फेकलेल्या थराचा.