पाठपोट छपाई

कागदाच्या दोन्ही बाजूंना मजकूर छापणे म्हणजे पाठपोट छपाई. प्रिंटच्या खिडकीत ही सोय 'डुप्लेक्स' किंवा 'प्रिंट ऑन बोथ साइड्स' या नावाने असते. स्वयंचलित डुप्लेक्स असलेला प्रिंटर एक बाजू छापून कागद जवळजवळ बाहेर सोडतो, मग रोलर उलटे फिरवून तो आत ओढतो आणि दुसरी बाजू छापतो.

कागद कोणत्या कडेवर उलटायचा, इथे बहुतेकांची चूक होते. उभ्या पानांचा मजकूर पुस्तकासारखा उलटायचा असेल तर लांब कड (लाँग एज) निवडावी. कॅलेंडरसारखा वर उलटायचा असेल तर आखूड कड. आडव्या ए४ कागदावर दोन-दोन पाने छापून मधोमध दुमडायची पुस्तिकाही आखूड कडेवरच उलटते. लांब कड ठेवली की मागची पाने डोक्यावर उभी. १६ पानी पुस्तिकेला ४ कागद लागतात. सर्वांत बाहेरच्या कागदावर एकीकडे १६ व १, पाठीमागे २ व १५ ही पाने येतात.

डुप्लेक्स नसेल तर आधी विषम पाने छापून तोच गठ्ठा पुन्हा ट्रेमध्ये ठेवतात आणि सम पाने काढतात. कागद कसा ठेवायचा हे प्रिंटरगणिक बदलते. म्हणून कोऱ्या कागदाच्या वरच्या बाजूला, वरच्या कडेकडे टोक करून पेन्सिलीने बाण काढावा आणि एकच पान छापून पाहावे. छापील बाजू खाली करून पाने सोडणाऱ्या प्रिंटरमध्ये शेवटचे पान गठ्ठ्यावर सगळ्यांत वर असते. तो गठ्ठा तसाच ठेवला तर सम पाने उलट्या क्रमाने छापावी लागतात. एकूण ७ पाने असतील तर सातव्याचा कागद आधी काढून ठेवायचा, नाहीतर सहावे पान त्याच्याच पाठीवर उमटते आणि पुढचा सगळा क्रम बिघडतो.

लेझर प्रिंटरच्या फ्यूझरमधून (शाईची पूड उष्णतेने कागदावर पक्की करणाऱ्या भागातून) गेलेला कागद तापतो, त्यातला ओलावा उडतो आणि कडा वळतात. तसाच गरम गठ्ठा परत घातला की दोन कागद एकदम ओढले जातात किंवा अडकतात. तो निवू द्यावा, सरळ दाबून फटकारावा. इंकजेटमध्ये अडचण वेगळी: शाई वाळली नसेल तर रोलर ती फासतो. ७० जीएसएम (दर चौरस मीटरला ७० ग्रॅम वजनाच्या) कागदातून मागची अक्षरे दिसतात. देवनागरीत सलग काळी शिरोरेषा असल्याने हे जास्तच खटकते. ८० जीएसएम बरा. बांधणी करायची असल्यास 'मिरर मार्जिन' लावावे, म्हणजे शिवणीकडचा रुंद समास विषम पानाला डावीकडे आणि सम पानाला उजवीकडे पडतो.

मराठी मजकुरात फॉन्टचा घोळ निराळाच. जुन्या, युनिकोडपूर्व (म्हणजे प्रत्येक अक्षराला जगभर एकच संकेतांक देणारी पद्धत येण्याआधीच्या) फॉन्टांत रोमन अक्षरांच्या जागी देवनागरी आकार बसवलेले असतात. घरी नीट दिसणारी फाइल झेरॉक्सच्या दुकानात उघडली आणि तिथे तो फॉन्ट नसला, तर रोमन अक्षरे, कंस आणि विरामचिन्हे यांची खिचडी दिसते. युनिकोड मजकूर निदान वाचता येतो, पण दुसरा फॉन्ट आला की ओळींची लांबी बदलते, पाने पुढे-मागे सरकतात आणि पाठपोट जुळवणी कोलमडते. पाकळीचा 'ल' आणि देठाचा 'श' जाऊन हिंदी वळणाची अक्षरे येतात ती वेगळीच. त्यामुळे दुकानात वर्डची फाइल नेण्यापेक्षा फॉन्ट अंतर्भूत केलेली पीडीएफ न्यावी. ॲक्रोबॅट रीडरमध्ये 'प्रॉपर्टीज'मधल्या 'फॉन्ट्स' यादीत नावापुढे 'एम्बेडेड' किंवा 'एम्बेडेड सबसेट' असे लिहिलेले आहे ना, ते आधी पाहावे.

पडद्यावर ठीक पण कागदावर वेलांट्या सरकलेल्या किंवा जोडाक्षरे फुटलेली, असे झाल्यास दोष बहुधा ड्रायव्हरमध्ये, म्हणजे संगणकातल्या प्रिंटर चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, असतो. तेव्हा रीडरच्या प्रिंट खिडकीतल्या 'ॲडव्हान्स्ड'मध्ये 'प्रिंट ॲज इमेज' निवडावे. छपाई मंदावते आणि बारीक अक्षरांची धार थोडी जाते, पण रफार जागेवर राहतो.