घरटॅक्सची पावती म्हणजे मालकी नव्हे

'तीस वर्षं टॅक्स भरून राह्यलो, घर माहंच!' ग्रामपंचायत जाऊन नगरपंचायत झालेल्या आपल्या विदर्भातल्या गावांत हे पानठेल्यावर हमखास ऐकू येतं. पण आकारणी वहीत नाव चढतं ते कर कोणाकडून वसूल करायचा, एवढ्यासाठीच. नझूलच्या, म्हणजे सरकारी, जागेवरच्या अतिक्रमणालाही पावती मिळू शकते, मग बोला! मालकी पाहायची तर नोंदणीकृत खरेदीखत, बक्षीसपत्र, वारसाहक्क. नगर भूमापन (सिटी सर्व्हे) झालं असेल तिथे आखीव पत्रिका, म्हणजे प्रॉपर्टी कार्ड. नुसत्या स्टॅम्पपेपरवर झालेला प्लॉटचा सौदाही पुरत नाही. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम ५४ नुसार १०० रुपये वा त्याहून जास्त किमतीच्या स्थावराच्या विक्रीला नोंदणी लागतेच. पावत्या मात्र जपून ठेवा. ताबा किती जुना हे दाखवायला त्या कामी येतात.