सामूहिक वनहक्क क्षेत्रातील बांबूतोड

वनहक्क कायद्याने गावाला मिळालेल्या जंगलातला बांबू ग्रामसभेने स्वतः तोडणे, विकणे आणि ते जंगल राखणे, अशी ही पद्धत. महाराष्ट्रात ती मुख्यतः गडचिरोली जिल्ह्यात रुजली. कागद गिरण्या, बुरूडकाम, मांडव, घरबांधणी, कुंपण अशी सगळीकडून बांबूला मागणी असते. तोड होणारच, हे धरूनच नियम करावे लागतात.

१९२७ च्या भारतीय वन अधिनियमात बांबूची गणना झाडांत होती. त्यामुळे जंगलातल्या बांबूवर वनविभागाचे नियंत्रण राही आणि तो मोठ्या प्रमाणावर ठेक्याने गिरण्यांकडे जाई. २००६ च्या वनहक्क कायद्याने त्याला गौण वनोपज, म्हणजे गावाला गोळा करून विकता येणारे लाकडाव्यतिरिक्तचे वनोत्पादन, ठरवले. धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गोंड गावाला २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला, पण जंगलातला माल बाहेर नेण्याच्या वाहतूक परवान्यावाचून विक्री अडून राहिली. एप्रिल २०११ मध्ये तत्कालीन केंद्रीय पर्यावरण व वनमंत्री जयराम रमेश यांनी गावात येऊन परवान्यांचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिले. २०१२ च्या सुधारित नियमांनी हा अधिकार सर्वच ग्रामसभांसाठी स्पष्ट केला. परवाना ज्याच्या हाती, भाव त्याच्या हाती. म्हणून ही तरतूद कागदोपत्री वाटते त्याहून फार मोलाची आहे.

येथे मुख्यतः मानवेल जातीचा बांबू आढळतो. त्याच्या बेटाला स्थानिक बोलीत रांजी म्हणतात. पावसाळ्यात रांजीच्या बाहेरच्या कडेने कोंब (वास्ते) फुटतात आणि दोन-तीन महिन्यांत काठी पूर्ण उंचीची होते. त्यानंतर ती जाड होत नाही, फक्त आतून पक्की होत जाते. म्हणजे कोवळ्या काठ्या कडेला आणि जून काठ्या मध्यभागी. मजुरी नगावर असली की तोडणारा साहजिकच हाताशी आलेली कडेची काठी घेतो. मधल्या जून काठ्या तशाच राहतात, एकमेकींत गुंततात, वाकड्या होतात. नव्या कोंबांना पोसणारा कडेचा भाग उघडा पडतो आणि काही वर्षांत रांजी खुरटते. रांज्या बिघडण्याचे हे सर्वांत नेहमीचे कारण आहे.

यावर उपाय म्हणजे घोड्याच्या नालेसारखी तोड. कोंब ज्या बाजूला फुटतात त्याच्या विरुद्ध बाजूने वाट काढून आत शिरायचे आणि मधल्या जून काठ्या घ्यायच्या. वय काठीवरच दिसते. पहिल्या वर्षाची काठी गडद हिरवी असते, तिच्यावर पांढरट भुकटी आणि पेरांना चिकटलेली टरफले असतात. तिसऱ्या वर्षापर्यंत टरफले गळतात, रंग पिवळट होतो, साल खरखरीत लागते आणि तिच्यावर दगडफुलासारखे ठिपके दिसू लागतात. चालू आणि मागच्या हंगामातल्या काठ्यांना हात लावायचा नाही. रांजीत किमान आठ-दहा पक्क्या काठ्या विखुरलेल्या ठेवायच्या. तेवढ्याही नसतील तर ती रांजी सोडून द्यायची. घाव जमिनीपासून १५ ते ४५ सेंटिमीटर उंचीवर, पेराच्या गाठीच्या लगेच वर घालायचा. गाठीपासून उंच तोडले तर खुंटाची वाटी होते, तिच्यात पाणी साचते आणि कुज खाली कंदापर्यंत जाऊ शकते. एका भागात तोड झाली की तीन-चार वर्षे तिकडे फिरकायचे नाही. पावसाळ्यात तोड पूर्ण बंद. हिवाळ्यात तोडलेल्या काठीला भुंगाही कमी लागतो. हे नियम पाळले जातात की नाही, हे गोदामात कळत नाही. ग्रामसभेच्या समितीने रांजीत जाऊन खुंटांची जागा आणि उंची पाहावी लागते.

वणवा हा दुसरा धोका. मार्च-एप्रिलमध्ये मोहफुले वेचायला सोपे जावे म्हणून झाडाखालचा पाला पेटवतात आणि तीच आग रांज्यांत शिरते. पाला झाडून काढणे किंवा झाडाखाली जाळी अंथरणे कष्टाचे आहे, पण बांबूबरोबर साग, ऐन, तेंदू, चार (चारोळीचे झाड) यांची रोपेही त्यामुळेच वाचतात. जाळरेषा, म्हणजे आग पसरू नये म्हणून मोकळा ठेवलेला पट्टा, उन्हाळ्याआधीच स्वच्छ करावी.

मानवेल आयुष्यात एकदाच, साधारणपणे २५ ते ४५ वर्षांनी, मोठ्या क्षेत्रावर एकदम फुलतो आणि मरतो. अशा वेळी वाळलेल्या काठ्या बी पडून झाल्यावरच काढाव्यात. त्या भागात रोपे गुरांच्या तोंडाबाहेर जाईपर्यंत काही वर्षे चराईबंदी ठेवावी आणि आग लागू देऊ नये.