डेट्रॉइटची उपनगरे आपोआप गोरी झाली नव्हती

अमेरिकेतील उत्तरेकडच्या उपनगरांत वाढलेल्या शिक्षकांच्या बालपणीच्या आठवणींत एक वाक्य हमखास भेटते: ‘आमच्याकडे भेदभाव नव्हता, वर्गात कृष्णवर्णीय मुलेच नव्हती.’ आठवण खरी असते. तिच्यावरून काढलेला निष्कर्ष, म्हणजे वर्णभेद दक्षिणेतच होता आणि उत्तरेत जो तो आपल्या मर्जीने वेगळा राहिला, हा मात्र चुकीचा आहे.

१९३४ साली स्थापन झालेल्या संघीय गृहनिर्माण प्रशासनाने गृहकर्जांना हमी देताना गोऱ्या व कृष्णवर्णीयांची मिश्र वस्ती जोखमीची ठरवली. उत्तरेतल्याच डेट्रॉइट शहरात तर १९४१ साली एका बिल्डरने कृष्णवर्णीयांच्या वस्तीला लागून सुमारे ६ फूट उंच, अर्धा मैल लांब काँक्रीटची भिंत उभारली, तेव्हाच त्याच्या गोऱ्या ग्राहकांच्या घरांना ही हमी मिळाली. मर्जीचाच मामला होता, तर भिंत कशाला हवी होती?

शाळा वस्तीवरून ठरत असल्यामुळे घरांची विभागणी थेट वर्गात उतरली. वर्णानुसार वेगळ्या सरकारी शाळा घटनाबाह्य ठरवणारा सर्वोच्च न्यायालयाचा १९५४ चा ‘ब्राउन’ निकाल सर्वांना ठाऊक असतो. १९७४ च्या ‘मिलिकेन विरुद्ध ब्रॅडली’ खटल्याचे नाव क्वचितच निघते. डेट्रॉइटबरोबर ५३ उपनगरी शाळा-जिल्ह्यांनाही गोऱ्या व कृष्णवर्णीय मुलांना बसने एकमेकांच्या शाळांत नेऊन एकत्र शिकवण्याच्या योजनेत घेण्याचा खालच्या न्यायालयांचा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने ५ विरुद्ध ४ मतांनी फिरवला, कारण त्या जिल्ह्यांनी स्वतः भेदभाव केल्याचे सिद्ध झाले नव्हते. परिणामी विद्यार्थ्यांच्या बसगाड्या शहराच्या हद्दीतच फिरल्या, आणि हद्दीपलीकडचे वर्ग होते तसेच राहिले.