यवतमाळची शेती मदत आणि दोन हेक्टरची अट : पार्श्वभूमी

यवतमाळ जिल्ह्यात मदतीच्या याद्या लागल्या की बोलणं फिरून फिरून दोन हेक्टरवरच येतं, म्हणजे पाच एकरावर : तेवढ्याच जमिनीपर्यंत मदत. ही अट आली कुठून ते बघायला हवं.

आधी १९७२ पासून कापूस एकाधिकार खरेदी होती, म्हणजे कापूस फक्त सरकारनेच विकत घ्यायचा, तेव्हा खात्यात पैसे वगैरे नव्हतं, जे मिळायचं ते भावातून. पुढे ती योजना मोडकळीस आली, आत्महत्या वाढल्या, आणि २००६ ला विदर्भातल्या सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटींचं पॅकेज आलं. त्यात यवतमाळ होतं, पण मोठा वाटा सिंचन प्रकल्पांचा.

खरा वाद २००८ च्या केंद्राच्या कर्जमाफीचा. दोन हेक्टरपर्यंत जमीन असेल तर थकीत पीककर्ज पूर्ण माफ, त्याच्या वर असेल तर फक्त २५ टक्के सूट आणि तीही उरलेले ७५ टक्के भरल्यावर. आता आपल्याकडे कोरडवाहू, सहा-सात एकर वावर असलेला माणूस काही बागायतदार नसतो, पाऊस गेला की कपाशी गेली. पण सातबाऱ्यावर २.४० हेक्टर दिसलं की तो ‘मोठा शेतकरी’, आणि कालव्याच्या पाण्यावर चार एकर ऊस घेणारा ‘लहान’, त्याचं कर्ज कितीही असो पूर्ण माफ! पाण्याचा विचारच नाही केला कोणी. ओरड झाल्यावर आपल्यासारख्या जिल्ह्यांसाठी २५ टक्के किंवा २० हजार, यातलं जे जास्त ते, असं केलं. म्हणजे ४० हजार थकीत असेल तर २० हजार सुटणार, पण आधी स्वतःचे २० हजार भरा. ते असते तर थकला असता का? शिवाय जमीन मोजली ती कर्ज मंजूर झालं त्या दिवशीची, नंतर भावाभावांत वाटण्या झाल्या असतील तरी उपयोग नाही. आणि सावकाराचं कर्ज तर यात धरलंच नव्हतं. माझ्या मते आकडेवारीत बसवायला सोपी म्हणून ही रेघ ओढली, कोरडवाहूवर तो सरळ अन्याय होता.

राज्याच्या २०१७ च्या माफीत जमिनीऐवजी रकमेची मर्यादा आली, दीड लाखाची. मग फेब्रुवारी २०१९ ला वर्षाला सहा हजारवाली केंद्राची पीएम-किसान योजना सुरू झाली तर परत तेच दोन हेक्टर, निवडणूक झाल्यावर जूनमध्ये ते काढलं. २०२३ पासून राज्याचे आणखी सहा हजार त्याच यादीवर.

पण अट गेली नाहीच. २०२३ च्या खरिपातल्या कापूस-सोयाबीनला हेक्टरी पाच हजार दिले ते दोन हेक्टरपर्यंतच, वर ई-पीक पाहणीची, म्हणजे मोबाइल ॲपवर केलेली पिकाची नोंद पाहिजे, सामाईक खातं असेल तर बाकीच्या खातेदारांचं ना-हरकत आणा. ज्याचा भाऊ पुण्यात कंपनीत कामाला, त्याची सही आणायची कशी हा तलाठ्याकडे रोजचा प्रश्न. अतिवृष्टीच्या मदतीत २०२२ ला मर्यादा तीन हेक्टर केली, मधे परत दोनवर आणली, ऑक्टोबर २०२५ च्या पॅकेजमध्ये पुन्हा तीन.