जलपाश आणि प्राणहितेचा जलमार्ग

कमी-जास्त उंचीवरच्या दोन पाण्यांमध्ये नाव चढवण्या-उतरवण्यासाठी कालव्यात किंवा नदीच्या कडेला बांधलेला दुदारी हौद म्हणजे जलपाश. बोलण्यात लॉक हाच शब्द रूढ आहे. विदर्भात आज एकही चालू जलपाश नाही. तरी या प्रदेशाचा जलपाशांशी जवळचा संबंध आहे. वऱ्हाड आणि वर्धा खोऱ्याचा कापूस वर्धा, प्राणहिता, गोदावरी या वाटेने नावेतून थेट समुद्रापर्यंत नेण्याची योजना एकोणिसाव्या शतकात हाती घेतली गेली होती, आणि तिचा सारा भार जलपाशांवर होता.

झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भातल्या धानाच्या पट्ट्यात, कालव्याला नहर म्हणतात, आणि नहर म्हटला की धानाला पाणी देणारा पाट डोळ्यांपुढे येतो. जमीन उतरती झाली की अशा नहरात पाणी पायरीवरून खाली सोडतात. पाण्याचे काम त्याने भागते, पण नाव तिथेच अडते. नौकानयनासाठी काढलेल्या कालव्यात नेमक्या त्याच जागी जलपाश असतो. दोन दारांच्या मधला जलपाश चीनमध्ये महाकालव्यावर इ. स. ९८४ मध्ये च्याओ वेइयुए या अधिकाऱ्याने बांधला, ही त्याची सर्वांत जुनी नोंद मानली जाते.

खालून वर जाणारी नाव आधी खालच्या दारातून हौदात शिरते. ते दार मिटतात आणि वरच्या दाराजवळच्या झडपा थोड्या थोड्या उघडतात. मामा (माजी मालगुजारी) तलावाचे तुडूम, म्हणजे पाणी सोडायचे भोक, ज्यांनी पाहिले आहे, त्यांना हे लगेच कळेल: दार बंदच असते, पाणी येते ते भोकातून. हौद भरत जातो तशी नाव उचलली जाते, आणि आतले व वरचे पाणी एका पातळीत आले की दार हाताने ढकलून उघडता येते. त्याआधी दहा माणसे लागली तरी ते हलत नाही. दाराच्या दोन फळ्या मिटल्यावर वरच्या पाण्याकडे टोक काढून एकमेकींना टेकतात, त्यामुळे पाण्याचा दाबच त्यांना घट्ट धरून ठेवतो. ना पंप, ना इंजिन. नाव उचलण्याचे सगळे काम वरून येणारे पाणी करते.

खाजगी नावेने असा प्रवास करताना हे सारे बहुधा प्रवाशांनाच करावे लागते. एक जण नावेवर आणि निदान एक जण काठावर, अशी वाटणी असते. चढताना झडपा घाईने उघडल्या तर आत येणारा लोंढा नाव भिंतीवर आपटतो. उतरताना धोका निराळा असतो. वरच्या दाराखाली दगडी उंबरठा असतो. पाणी उतरू लागल्यावर नावेचे मागचे टोक त्यावर टेकले तर ते तिथेच अडकते आणि पुढचे टोक बुडू लागते. दोराचेही तसेच. खुंट्याला एक वेढा देऊन दोर हातात धरायचा, पक्की गाठ मारायची नाही. गाठ मारलेली नाव पाणी उतरले की दोरालाच लटकते.

इंग्लंडच्या अरुंद कालव्यांवर अशा खाजगी नावा मोठ्या संख्येने फिरतात. तिथल्या जुन्या जलपाशांची रुंदी सुमारे ७ फूट, म्हणून नावाही तेवढ्याच अरुंद. रुंद जलपाशांच्या एका कालव्यावर, डिव्हायझेस गावाजवळ केन हिल येथे, सुमारे दोन मैलांत २९ जलपाश आहेत. त्यांतून २३७ फुटांची चढण पार होते, आणि त्यात पाच-सहा तास सहज जातात. प्रत्येक वेळी हौदभर पाणी खाली जाते, हे विसरून चालत नाही. २२ मीटर लांब, २.१ मीटर रुंद आणि अडीच मीटर उचल असलेला हौद धरला तर ते लाखाहून अधिक लिटर होते. कालव्याच्या माथ्यावर बारमाही साठा नसेल तर जलपाश कितीही उत्तम बांधला तरी उपयोगाचा नाही.

आता प्राणहिता. वर्धा आणि वैनगंगा चपराळ्याजवळ एकत्र येतात आणि तिथून पुढे नदीचे नाव प्राणहिता होते. सिरोंच्याजवळ ती गोदावरीला मिळते. पावसाळ्यात या पात्रात पाणी भरपूर असते, पण तीन ठिकाणी खडकांच्या रांगा वाट अडवतात. इंग्रजी दप्तरात त्यांना पहिला, दुसरा आणि तिसरा अडथळा म्हटले आहे: गोदावरीवर दुम्मागुडेम आणि इंचमपल्ली, प्राणहितेवर अहेरी तालुक्यातील देवलमरी. प्रत्येक अडथळ्याला बांध घालून पाणी अडवायचे, बाजूने कालवा काढायचा आणि त्यात जलपाश बसवायचे, असा आराखडा होता. या कल्पनेमागे इंग्रज अभियंते सर आर्थर कॉटन होते. आंध्रातील धवळेश्वरम येथे गोदावरीवर बंधारा घालून त्रिभुज प्रदेशात जलपाशांचे कालवे त्यांनी उभे केले होते. वरच्या पात्राची पाहणी एफ. टी. हेग या लष्करी अभियंत्याने केली.

कापूस हे कारण मोठे होते. वऱ्हाडचा कापूस त्याआधी बैलांच्या पाठीवर लादून थेट गंगेकाठच्या मिर्झापूरपर्यंत जात असे. वाटेत बैल मरत, पावसात गाठोडी भिजत. १८६० च्या तहाने निजामाने गोदावरीच्या डाव्या तीरावरचा मुलूख इंग्रजांना दिला आणि नदीवरची वाहतूक जकातमुक्त झाली. सिरोंचा हे अपर गोदावरी जिल्ह्याचे ठिकाण झाले. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी पेटली, तिकडचा कापूस थांबला आणि इंग्लंडच्या गिरण्यांची नजर हिंगणघाटकडे वळली.

काम मात्र रेंगाळले. जंगलातल्या तापाने मजूर टिकेनात. अमेरिकेतले युद्ध १८६५ मध्ये संपले. १८६७ मध्ये मुंबईहून रेल्वे नागपूरला पोहोचली आणि कापसाला पश्चिमेची वाट मिळाली. १८७१ मध्ये योजना सोडून देण्यात आली. दुम्मागुडेमचा बांध उभा राहिला. वरच्या टप्प्यांची कामे पुरी झाली नाहीत. नदी नालायक होती म्हणून हा जलमार्ग बुडाला, असे सरसकट म्हणणे अन्यायाचे आहे. पाण्याचे महिने मोजके होते हे खरे, पण वेळ हुकली हे कारणही तितकेच मोठे होते. रेल्वेच्या सोयीत दक्षिण चांदा (जुना चंद्रपूर जिल्हा) मागे पडला तो पडलाच, आणि सिरोंच्याच्या माणसाला गोदावरी ओलांडून कालेश्वरला जायला पूल होईपर्यंत नावच धरावी लागली.

नाव या भागातून गेलेली नाही. वैनगंगा, प्राणहिता आणि इंद्रावतीवर ढिवर समाजाचे डोंगे मासेमारीसाठी आणि माणसे पार नेण्यासाठी चालतात. लांबचा प्रवास मात्र तुटला आहे. वैनगंगेवरच्या गोसेखुर्द धरणाची पायाभरणी १९८८ मध्ये झाली. त्याला ३३ दारे आहेत, पण जलपाश नाही. त्यामुळे धरणाच्या वरचा डोंगा वर आणि खालचा खाली राहतो. नदी अडवताना तिच्यावर जगणाऱ्या नावाड्याचा विचार आराखड्यातच व्हायला हवा होता. बांधून झाल्यावर धरणात जलपाश घालणे फार अवघड आणि खर्चाचे असते.

२०१६ च्या राष्ट्रीय जलमार्ग कायद्यात १११ जलमार्ग आहेत आणि वैनगंगा–प्राणहिता त्यांत १०९ व्या क्रमांकावर आहे. ही वाट खरोखर चालवायची तर उन्हाळ्यातली खोली आणि खडकाळ टप्पे, हे हेगच्या वेळचेच दोन प्रश्न पुन्हा सोडवावे लागतील. पाणी ओसरल्यावर अशा टप्प्यांत नावाडी अजूनही खाली उतरतो आणि डोंगा दगडांमधून हाताने ओढत पुढच्या डोहापर्यंत नेतो.